एकशे चार रत्तल

औरंगाबाद, शहागंज
१७ दय १३४७ फसली

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत लांबी नाही, म्हणून उभ्यानंच हात जोडतो. तारीख इथल्या सरकारी फसली महिन्यांची घातली म्हणून रागावू नका. सरकारी डॉक्टरच्या हाताखाली राहून तिथ्या विसरलो. कार्तिक उतरणीला लागला असावा, एवढंच देवळांतल्या गर्दीवरून कळतं.

तीन वर्षांनी तुमचं कार्ड आलं. त्यात चार ओळी. "शैलेच्या सासरचं पत्र आलं. पोरगी वाळत चालली, खाते मात्र घरात सगळ्यांहून जास्त, असं लिहितात. तू त्याच गावात उंडारतोस असं कळलं. बघून कळव. बाकी तुझ्याशी बोलणं नाही."

बोलणं नाही तर नाही. पण उंडारत नाही मी. शाळेतून पळालो, वडिलांच्या श्राद्धाला पोचलो नाही, तुम्ही दार लावलंत, ते सगळं कबूल. आता मात्र मी कामाला आहे. इथं कमरोद्दीन नावाचे डॉक्टर आहेत. शहरातला माणूस रोज किती खातो, किती राबतो आणि त्याच्या अंगावर किती उरतं, हे त्यांना तोलून बघायचं आहे. घरोघरचं अन्न तोलायचं आणि माणसंही तोलायची. मुसलमान घरांतून त्यांची माणसं जातात. आपल्या लोकांच्या चुलीपाशी त्यांना कोण येऊ देणार? सोवळं नेसून आत जाईल आणि आकडे लिहील असा माणूस हवा होता. म्हणजे तुम्ही जे सोवळं मला मारून मारून शिकवलंत त्याच्यावरच माझं चाललंय. हसू नका.

डॉक्टर मला पहिल्या दिवशी म्हणाले, "सुनो मियां, बदन म्हणजे चूल. लाकूड घातलं की जळणार, ऊब देणार. गरजेपेक्षा जास्त घातलं तर उरलेलं अंगावर साठणार. कमी घातलं तर अंगातलंच जळणार. हवा में से गोश्त नहीं बनता. एवढं ध्यानात ठेव, बाकी मी बघतो."

माणसं तोलायचा काटा गोल तोंडाचा आहे, मुंबईहून आलेला. वर हूक, खाली पाटाचा झोका. आढ्याला टांगायचा आणि माणसाला झोक्यात बसवायचं. म्हाताऱ्या बायका आधी लाजतात, मग उतरत नाहीत. आकडा रत्तलात येतो. दोन रत्तल म्हणजे आपला एक शेर धरा. काटा खरा आहे की नाही हे रोज सकाळी तपासायचा नियम आहे. तो मी पाळतो. कसा, ते विचारू नका.

शैलेचं सांगतो. शैलेचं घर आमच्या यादीतच आहे, शिवाय मी तिला रोज बघतो. माझ्या खोलीला कडी नाही, म्हणून काटा संध्याकाळी तिच्या ओसरीत ठेवतो आणि सकाळी उचलतो. ती वाळली आहे हे खरं. बांगड्या कोपरापर्यंत चढतात. पण सासूबद्दल तुमच्या मनात जे आहे ते काढून टाका. यमुनाबाईंची जीभ खरखरीत आहे, पण हात तसा नाही. रोज सकाळी काटा घेऊन निघालो की शैला मागच्या दारी येऊन फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि वर चटणी देते. "सासूबाईंनी दिल्यात," म्हणते. "त्यांना काही बोलू नकोस हं भाऊ. दिलेलं कुणी बोलून दाखवलं की त्यांना राग येतो." आता सांगा, सुनेच्या भणंग भावाला जी बाई रोज दोन भाकऱ्या देते ती सुनेला उपाशी ठेवील?

ताटं मी स्वतः तोलतो. शैलेचे यजमान मधुसूदनराव तीन भाकऱ्या, आणि ते दिवसभर कचेरीत बसून कागद इकडचे तिकडं करतात. यमुनाबाई तीन. शैला चार. म्हणजे सगळ्यांहून जास्त खाते हे सासरच्यांनी खोटं लिहिलेलं नाही. मग वाळते का, ते मला काय विचारता? मी डॉक्टर नाही.

खरं तर हे पत्र परवाच लिहायला घेतलं होतं, पण हिमरू कापडाच्या मागावर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडं बघत राहिलो. मागाच्या वरच्या अंगाला बसलेला माणूस दोऱ्या ओढतो, खालचा विणतो, आणि दोघं दिवसभर एकमेकांशी भांडतात. मला आपली आठवण झाली.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नका. तुम्ही करत नाहीच.

बद्री

११ बहमन

दादा,

तुमचं दुसरं कार्ड. आता तर एकच ओळ. "तू सासूची तरफदारी करतोस, तुला काय देते ती?"

दोन भाकऱ्या देते. लिहिलं होतं ना? वाचता की नुसतं उलटून ठेवता?

इथं माझं डोकं ठिकाणावर नाही आणि तुम्ही माझ्यावर वकिलीचा आरोप ठेवता. आमच्या यादीतली वीसच्या वीस घरं वाळायला लागली आहेत. थट्टा नाही. आबानात, म्हणजे गणपतीच्या महिन्यात, जो आकडा होता तो या बहमनात कुणाचाच राहिला नाही. द्वारकाबाई म्हणून कापडवाल्यांच्या आई आहेत, झोक्यात बसल्या की आढं करकरतं. त्या आठ रत्तल उतरल्या. मला म्हणाल्या, "बद्रीनाथ, मला तर काही हलकं वाटत नाही रे. चोळी तीच, दाटते तशीच. पण तुझा काटा म्हणतो तर मी कशाला नाही म्हणू?" आणि गल्लीभर सांगत सुटल्या. आता बायका मला हाका मारून आत बोलावतात, लाडू हातावर ठेवतात आणि काटा टांगायला लावतात. आकडा कमी आला की अजून एक लाडू.

डॉक्टर मात्र रात्रंदिवस वह्या उलटतात. खाणं तेवढंच, काम तेवढंच आणि वजन खाली. म्हणतात, यंदाच्या ज्वारीतच सत्त्व नाही, वर अहवाल पाठवावा लागेल. मी म्हणालो, "साहेब, ज्वारी तर चांगली टपोरी आहे." म्हणाले, "तुम चूप बैठो, तुम काटा संभालो."

काटा मी सांभाळतोच. नियम असा की पन्नास रत्तलांचं एक लोखंडी वजन बरोबर न्यायचं, सकाळी टांगायचं, काटा पन्नास दाखवतो का बघायचं. दादा, ते लोखंड तुम्ही एकदा उचलून बघा. एका खांद्यावर काटा, दुसऱ्यावर लोखंड, आणि शहागंजपासून पार पाणचक्कीपर्यंत घरं. पहिल्या आठवड्यातच ते हबीबच्या दुकानात ठेवून दिलं. हबीब सरकी-पेंड विकतो, त्याच्या आढ्यालाच मी सकाळी काटा टांगतो. माझी युक्ती साधी आहे. पहिल्या दिवशी माझं वजन लोखंडानं पडताळून एकशे चार रत्तल भरलं होतं. मी काही घरी विसरून येत नाही, मी रोज बरोबर असतोच. मग रोज मीच झोक्यात बसतो. एकशे चार दाखवलं तर काटा खरा. हा काटा मात्र हट्टी निघाला. आठ-दहा दिवस झाले की मला एकशे पाच म्हणतो. मग मागचा पेच जरा फिरवून त्याला एकशे चारवर आणतो. मुंबईचा माल असा. इथला धोबीही तसलाच, बंडी धुऊन आणतो ती दर खेपेला आखूड होते. बटण लागत नाही.

शैलेचं सांगायचं राहिलं. ते मुद्दाम मागं ठेवलं.

आबानात ती ब्याण्णव होती. आता अठ्ठ्याहत्तर. सगळी उतरली, पण ही सगळ्यांत जास्त, आणि वहीत खाणं मात्र घरात सगळ्यांत जास्त. डॉक्टरांनी माझ्यासमोर तिच्या नावाखाली रेघ ओढली. म्हणाले, "काटा खरा, वही खरी, तर मग मुलगी बीमार. आतली चूल भडकली असेल, नाहीतर क्षय असेल. महिना संपला की तपासतो आणि चिठ्ठी देतो."

ही चिठ्ठीची गोष्ट मी यमुनाबाईंना सांगायला नको होती. तोंडातून गेली. त्या भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याच वहीत आलं. आम्ही लिहिलं तेव्हा तुमच्या भावाला वाटलं, सासू कांगावा करते." मग मुलाला हाक मारली. "मधू, चिठ्ठी आली की संक्रांतीच्या आत हिला माहेरी देवगाव रंगारीला पोचव. गंगापूरच्या लोकांना किती दिवस ताटकळत ठेवायचं?"

गंगापूरचे लोक म्हणजे दुसरं स्थळ. मुलगी पंधराची आहे म्हणे, अंगानं भरलेली. मधुसूदनराव "हं" म्हणाले. हा माणूस कशालाही "हं" म्हणतो. घराला आग लागली आहे म्हटलं तरी "हं" म्हणेल आणि जोडे शोधील.

दादा, एकदा क्षयाची म्हणून परत आली की ती आपल्या ओसरीवरच म्हातारी होईल. तुम्हाला कळतंय ना? एकेका ओळीची कार्डं पाठवण्यापेक्षा मोटारीत बसा आणि या.

बद्री

२७ बहमन

दादा,

तुम्ही आला नाहीत. बरंच झालं. आला असता तर तुमच्यासमोर मला मान वर करता आली नसती.

सरळ लिहितो. मला सरळ लिहिता येत नाही हे मास्तरही म्हणायचे, पण बघतो.

काल सकाळी हबीबच्या आढ्याला काटा टांगून झोक्यात बसलो. पुन्हा एकशे पाच. पुन्हा पेच. हबीब गादीवरून बघत होता. म्हणाला, "क्या रे बद्री, रोज त्या बिचाऱ्याचा कान पिळतोस. गुनाह काय त्याचा?"

"खोटं बोलतो."

"काटा खोटं बोलतो की तू? आरशात बघतोस का कधी? मेहरच्या पावसात आलास तेव्हा बांबूवर वाळत घातलेला कुर्ता होतास. अब देखो, गाल आले."

मी म्हणालो, धोबी, बंडी, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं नाही. त्याची पेंड तोलायची मोठी तागडी आहे, पोती तोलतात ती. तिच्या एका पारड्यात मला ओढून बसवलं, दुसऱ्यात मापं टाकत गेला. गिऱ्हाइकं जमली. कुणी विचारलं, पेंड काय भाव. मापं थांबली ती एकशे पंधरा रत्तलांवर.

मी म्हणालो, तुझी तागडी खोटी. त्यानं कोपऱ्यातून माझं ते लोखंड काढलं, जाळ्या झटकल्या आणि डॉक्टरच्या काट्याला टांगलं. पन्नासाचं लोखंड. काट्यानं एकोणचाळीस दाखवलं.

कळलं का दादा? मला कळायला अर्धा तास लागला. मी जाड होत होतो आणि काट्याला खोटा ठरवून मागं ओढत होतो. रिकामा असला की सुई शून्याच्या खिळ्याला टेकून शहाण्यासारखी बसते, त्यामुळं कुणाला संशय नाही. वीस घरं वाळली नाहीत. द्वारकाबाई एक रत्तलही उतरलेल्या नाहीत. ज्वारीत सत्त्व भरपूर आहे. अकरा रत्तल मी एकट्यानं सगळ्या शहागंजाच्या अंगावरून पुसून टाकले होते.

पहिल्यांदा आनंद झाला. म्हटलं, शैलाही वाळली नाही. कागदावर बेरीज केली. आदल्या दिवशी तिचं वजन चौऱ्याहत्तर आलं होतं. त्यात कालच्या पेचाआधीचे दहा मिळवले तर चौऱ्याऐंशी. आबानात ब्याण्णव. म्हणजे आठ उरतातच. सगळ्यांचं पुसलं, तिचं पुसत नाही. ते आठ रत्तल खरोखरच गेले आहेत.

हबीब माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "आमच्या म्हशीला पेंड घातली तर ती भरते. तुला कोण घालतंय रे?"

मी सांगितलं, सासूबाई. दोन भाकऱ्या. आणि सांगता सांगताच, दादा, त्या देताना यमुनाबाईंना मी एकदाही बघितलेलं नाही हे आठवलं.

दुसरं एक लपवलं आहे ते आता लिहितो. नियम असा की ताट वाढल्यावर तोलायचं आणि जेवण झाल्यावर ताटात उरलेलंही तोलायचं. पुरुषांच्या ताटांचं मी तसं करतो. बायका मागून जेवतात. त्या जेवताना समोर उभं कसं राहायचं? म्हणून शैलेचं ताट वाढलेलं तोलतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. ती आतून सांगते, "काही उरलं नाही." मी लिहितो, काही उरलं नाही. कधीकधी तेवढंही थांबत नाही, पाणचक्कीवर पाणी बघायला जातो. वहीत मात्र लिहिलेलं असतं. मी ताट तोललं, दादा. तोंड तोललं नाही.

काल दिवेलागणीला काटा ठेवायला गेलो तो पुढून गेलोच नाही, परसातून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. यमुनाबाई देवापाशी होत्या. शैला ताटावर बसली होती. चारातल्या दोन भाकऱ्या तिनं उचलल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि दुरडीमागं सरकवल्या. हात इतका सवयीचा की बघावंही लागलं नाही. मग उरलेल्या दोन खाऊ लागली, सावकाश, पुरवून पुरवून.

मी आत गेलो. ती दचकली नाही. म्हणाली, "पाणी देऊ?"

"शैले, हे सासूबाई देतात?"

"हळू बोल."

"अगं, मी रोज—"

"तू मेहरमध्ये आलास तेव्हा या दाराच्या चौकटीला धरून उभा होतास. पाय थरथरत होते. दादानं तुला दार लावलं. मी पण लावू?"

"सासूबाईंना सांगायचं होतंस."

"सून माहेरच्या माणसाला सासरचं पीठ घालते, हे कुठल्या तोंडानं सांगू? मोजून थापतात त्या. माझ्या वाटणीतलं मी कुणाला देते याला तरी कोण काय म्हणेल, असं वाटलं."

"तुला क्षय झाला म्हणून चिठ्ठी देतील ते. संक्रांतीच्या आत घालवून देतील. तिकडं गंगापूर—"

"माहीत आहे मला." मग म्हणाली, "रोगी म्हटलं तर देवगावला पाठवतील. चोरटी म्हटलं तर कुठं पाठवतील, भाऊ? दादा ओसरीवर तरी घेईल का मला?"

दादा, तुमची बहीण तुमच्याबद्दल असं म्हणते. मी आपला लिहून कळवतो, कळवायला सांगितलंत म्हणून.

तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. उद्यापासून मी भाकरी घेणार नाही असं मी म्हणालो, तर म्हणाली, मग काटा ओसरीत ठेवायला येऊ नकोस. दोघांच्या रागात दुरडी कलंडली. बाहेरून यमुनाबाई म्हणाल्या, मांजर आलं का गं. शैला म्हणाली, हो.

डॉक्टर महिना पालटताच, दोन इस्फंदारला, तपासायला येणार आहेत. मी गप्प बसलो तर ती रोगी, बोललो तर ती चोर. मी नुसता जेवलो, तर एवढं झालं. तुम्ही घरातले मोठे. एकदा तरी पुरता कागद लिहा आणि काय करू ते सांगा.

बद्री

३ इस्फंदार

दादा,

तुमचा कागद आला नाही. पोस्टमनला चार दिवस रस्त्यात अडवलं, आता तो मला बघून दुसऱ्या गल्लीनं जातो.

मी सांगितलं. शपथ मोडली. तिच्या डोक्याला काही झालं तर तेही माझ्या नावावर लिहा, जागा असेल तर.

आधी डॉक्टरांना सांगितलं, लोखंडाचं आणि पेचाचं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. अहवाल लिहून तयार होता, यंदाच्या ज्वारीवर सोळा पानं. म्हणाले, "बद्रीनाथ, लोखंड दिलं होतं कशाला? लोहा खाना नहीं खाता. तू खातोस." मला वाटलं आता हाकलणार. हाकललं नाही. कारण म्हणे, माझी चूक सगळ्यांना सारखी लागू आहे, वजा करता येते, आणि दुसरा सोवळ्याचा माणूस कुठून आणायचा. "और वो लड़की?" म्हणाले. मी भाकरीचं सांगितलं. त्यांनी वहीतली शैलेच्या नावाखालची रेघ खोडली आणि म्हणाले, "बीमारी नहीं है. घरात तू सांग. मी सांगितलं तर ते कागदाचं बोलणं होईल."

घरात मधुसूदनराव जेवायला बसले होते, यमुनाबाई वाढत होत्या, शैला चुलीपाशी. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं बोललो, न थांबता, वाटेत कुठं वळलोही नाही. शैलेनं एकदा "भाऊ" म्हटलं, मग पदर तोंडाला लावला.

यमुनाबाईंनी वाढायची पळी खाली ठेवली.

"चार महिने?"

"होय."

"माझ्या दुरडीतून?"

"तिच्या ताटातून."

मधुसूदनराव घास तसाच धरून बसले. मला वाटलं आता "हं" म्हणतील, पण तेवढंही नाही. यमुनाबाई उठल्या, दुरडीमागचं फडकं काढलं, सोडलं, आतल्या दोन भाकऱ्या बघितल्या. एक मोडून बघितली, जणू कुणा दुसऱ्याच्या घरची आहे. मग माझ्याकडं वळल्या. आजवर मला तुम्ही म्हणायच्या, आता तू वर आल्या.

"गल्लीभर मी सांगितलं की सून खादाड आहे आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. द्वारकाबाईपासून सगळ्यांना. आता त्यांना काय सांगू? भाकरीला नाही म्हणणारी बाई वाटले का रे मी तुला?"

"मला तर वाटत होतं तुम्हीच देता."

"तुला वाटत होतं. आणि हिला?" शैलेकडं न बघता म्हणाल्या, "तीन वर्षं माझ्या चुलीपाशी बसते आणि हिला वाटलं म्हातारी देणार नाही. मी मोजून थापते, कारण पीठ मोजून येतं. कुणाला उपाशी निजवायला नव्हे."

शैला रडायला लागली. यमुनाबाई म्हणाल्या, "रडू नकोस, त्यानंही अंग झडतं. ये, बस इथं." आपलं ताट ओढलं, समोर तिचं मांडलं. सासू-सून समोरासमोर जेवायला बसल्याचं मी त्या घरात पहिल्यांदा बघितलं. "चारही खा. माझ्या डोळ्यांसमोर. तुझा भाऊ ताटं तोलतो, मी घास तोलते." मग मला, "तू कशाला उभा आहेस खांबासारखा? बस मधूशेजारी."

मधुसूदनराव सरकले. इतका वेळ हातात धरलेला घास त्यांनी खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आई, गंगापूरला मी उद्या लिहितो. नको म्हणून." त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. यमुनाबाई म्हणाल्या, "हं."

एवढ्यावर सुटलो असं समजू नका. चोरी ती चोरी, असं त्यांचं म्हणणं आहे. शिक्षा ठरली. रोज सकाळी काटा उचलायच्या आधी जात्यावर बसून दोन शेर ज्वारी दळायची, मग जेवायचं. शैलेला जात्याला हात लावायचा नाही, अंग भरेपर्यंत. आज पहिला दिवस. दळताना ओवी म्हणतात ती मला येत नाही, मी पाढे म्हटले. परसाच्या भिंतीवरून शेजारच्या तिघी बघत होत्या. एक म्हणाली, "अगंबाई, पुरुषाचं पीठ किती जाड पडतं." हाताला फोड आले आहेत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळं.

तुम्हाला एक निरोप आहे. जसाच्या तसा देतो. "दादासाहेबांना लिही, तुमचा भाऊ आमच्या दाराशी उपाशी उभा होता. पोरीला काय झालं विचारता, पोराला काय झालं ते एकदा विचारलंत का?"

निरोप त्यांचा आहे. मी मध्ये बोलत नाही.

बद्री

१९ इस्फंदार

दादा,

संक्रांत झाली. शैला इथंच आहे. हळदीकुंकवाला द्वारकाबाई आल्या होत्या, माझ्याशी बोलत नाहीत. आपण उतरलोच नव्हतो हे त्यांना मी सांगितलं, त्यापेक्षा शिवी दिली असती तर त्यांनी सोसली असती. लाडू सगळीकडूनच बंद झाले.

आता लोखंड बरोबर नेतो. रोज. एका खांद्यावर काटा, दुसऱ्यावर लोखंड, आणि त्याआधी दोन शेर ज्वारी. मी एकशे बारावर आलो, जेवण पूर्वीपेक्षा जास्त असून. डॉक्टर खूश आहेत, म्हणतात हे बघ, लाकूड जास्त, पण आता चूल त्याहून मोठी पेटली. त्यांना खूश व्हायला काही लागत नाही, दळायला मला लागतं. शैला सत्त्याऐंशी. लोखंड टांगून, दोनदा बघून लिहिलं. तिच्या ताटाचं उरलेलं आता यमुनाबाई स्वतः आणून माझ्या पारड्यात ठेवतात. बहुतेक वेळा मिरचीचं देठ असतं.

काल देवगावहून येणाऱ्या मोटारीतून पोतं उतरलं. शैलेच्या नावावर. आत नवी ज्वारी, वर तिळगुळाची पुडी. कागद नाही. मी पुडीत, पोत्याच्या शिवणीत, तळाशीसुद्धा हात घालून बघितलं. चार ओळींचं कार्डही नाही. तुमचा हा हट्ट जाणार कधी?

यमुनाबाई म्हणाल्या, नुसतं बघतोस काय, टांग. पोतं आढ्याला टांगलं, आधी लोखंड लावून काटा पडताळला. ज्वारी एकशे चार रत्तल भरली. म्हणजे मी पहिल्या दिवशी जेवढा भरलो होतो तेवढीच. हा आकडा तुम्ही माझ्या पत्रातून उचललात की पोतंच तेवढ्यात भरलं, हे तुम्ही सांगणार नाही आणि मी विचारणार नाही.

शैलेला विचारलं, एवढी ज्वारी तू कधी संपवणार? म्हणाली, मी एकटी कशाला संपवू. पोत्यावर माझं नाव नव्हतं, दादा. पण पुडीत तिळाच्या वड्या दोन नमुन्यांच्या होत्या. तिच्यासाठी मऊ. आणि खाली वेगळ्या बांधलेल्या कडक, दाताला लागतात त्या, ज्या आपल्या घरात माझ्याशिवाय कुणी खात नाही.

सगळ्या खाल्ल्या. तोलल्या नाहीत.

बद्री